मंगळवारी दहा ते दोन

एप्रिल 2014 मध्ये आमच्या कंपनीत सीएसआरची फाइल उघडली आणि ती पर्सोनेल विभागात, म्हणजे माझ्या टेबलावर आली. कंपनी कायद्याचं कलम 135 नुकतंच लागू झालं होतं. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. आमचा कारखाना चाकणचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा, कायम कामगार आणि स्टाफ धरून सहाशेच्या आसपास माणसांचा. नफ्याच्या अटीत आम्ही बसलो. पैसे कुठे द्यायचे ते ठरलं, आणि पाठोपाठ वरून सूचना आली की नुसता चेक देऊन भागणार नाही, आपली माणसंही कामात उतरली पाहिजेत.

मला ते अजिबात पटलं नव्हतं. पैसे द्या आणि बाजूला व्हा, असं माझं मत होतं. चार वर्षं मी ते मीटिंगमध्ये बोलून दाखवलं आणि चारही वर्षं स्वयंसेवेचा कार्यक्रम मीच आखला. आज माझं मत ते राहिलेलं नाही. ते कसं बदललं हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण त्यात एका मुलीचा वीस मार्कांचा प्रश्न लिहायचा राहून गेला आणि त्याला मी न केलेली एक सही कारण आहे.

आधी माझ्या जुन्या मताबद्दल. ते काही हवेतून आलेलं नव्हतं. साताऱ्याला कॉलेजात असताना मी एनएसएसमध्ये होते. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिथला हिशोब. शिबिरात आम्ही शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपायचो, सकाळी घमेली उचलायचो, दुपारी गावातल्या बायका टोपल्यातून भाकऱ्या घेऊन यायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत गाव आम्हाला पाहुणे समजत असे. चौथ्या दिवशी एका आजीने मला सरळ पाणी शेंदायला लावलं. त्या चौथ्या दिवसाची किंमत मला माहीत होती, आणि कंपनीच्या कार्यक्रमात पहिलाच दिवस शेवटचा असायचा.

2015 मध्ये आम्ही एका जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत रंगवली. चाळीस अधिकारी, दोन बस, सारखे टी-शर्ट. शनिवारी मुलांना मुद्दाम थांबवून ठेवलेलं. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ही भिंत जानेवारीतच एका कंपनीने रंगवून दिली आहे. आमच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. तेवढ्या पाइपलाइनचं काही बघता आलं तर..." पाइपलाइन त्या दिवसाच्या कामात नव्हती. आम्ही भिंत पुन्हा रंगवली. सोमवारी मी चाळीस जणांच्या एका दिवसाच्या पगाराची बेरीज केली. तेवढ्यात पाइपलाइन होऊन वर टाकीही बसली असती. पुढच्या वर्षी टेकडीवर झाडं लावली. खड्डे रोजंदारीच्या माणसांनी आधीच खणून ठेवले होते. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं काम माझं होतं. मार्चमध्ये जाऊन पाहिलं तर काठ्या उभ्या होत्या, रोपं नव्हती.

म्हणून पैसे द्यावेत, माणसं पाठवू नयेत, हे माझं मत पक्कं झालं. भिंत आणि टेकडी यांच्याबद्दल ते आजही तसंच आहे.

मार्च 2018. मशीन शॉपमधला एक सीएनसी ऑपरेटर अर्ज घेऊन आला. त्याला शेवटच्या आठवड्यात पहिल्या पाळीऐवजी दुसरी पाळी हवी होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "अंध विद्यार्थिनीचा पेपर लिहिण्यासाठी". मी विचारलं तेव्हा कळलं की हा गेली दोन वर्षं हेच करतो आहे. धाकट्या भावाबरोबर कॉलेजात गेला असताना नोटीस बोर्डावर "लेखनिक पाहिजे" अशी चिठ्ठी त्याने वाचली होती. परीक्षेच्या दिवसांत तो कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायचा. सकाळी दहा ते दोन पुण्यात पेपर लिहायचा, मोटरसायकलने साडेतीनपर्यंत चाकण गाठायचा आणि रात्री बारापर्यंत मशीनवर उभा राहायचा. माझ्या मस्टरवर त्याची एकही गैरहजेरी नव्हती, त्यामुळे मला पत्ताच नव्हता.

त्या वर्षी मार्च एंडचा डिस्पॅच अडकला होता. 20 तारखेनंतर पाळीबदल नाही, असं प्लॅनिंगने कळवलं होतं. त्याच्या खात्यावर रजाही उरली नव्हती. कारखाने कायद्याने तेव्हा वीस दिवस काम केल्यावर एक दिवस भरपगारी रजा मिळायची, आणि घरचं आजारपण, गावची जत्रा, लग्नकार्य यात ती कधीच संपायची. मी म्हटलं, "अहो, हे तुमचं वैयक्तिक काम झालं. मार्च एंडला मी प्लॅनिंगला काय सांगू?" तो "बरं मॅडम" म्हणाला आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला. त्याच दुपारी मी वार्षिक अहवालात "कर्मचारी स्वयंसेवा" या ओळीपुढे त्या वर्षीचे तास भरले. त्या तासांत त्याचा एकही तास नव्हता.

1 मेला पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेतलं महाश्रमदान होतं. त्या वर्षी राज्यातले 75 तालुके स्पर्धेत उतरले होते आणि शहरातली माणसं जलमित्र म्हणून गावोगाव गेली होती. आम्ही पुणे जिल्ह्यातल्या एका गावी गेलो. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे प्रथमच आमच्या बसमध्ये कामगारही होते. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही, नंतर आली. गावकऱ्यांनी डोंगरउतारावर समपातळीच्या रेषा फक्कीने आखून ठेवल्या होत्या. सलग समतल चर त्या रेषेवरच खणायचा असतो. रेषा सुटली तर पाणी चरात सगळीकडे सारखं थांबत नाही, उताराच्या टोकाला धावतं आणि तिथला बांध फोडतं. माझ्या शेजारी तोच ऑपरेटर कुदळ चालवत होता. मी रेषा सोडून खणते आहे हे त्याने दोनदा दाखवलं. मग पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी विचारलं, "त्या पेपरचं काय झालं?"

"मिळाला एक मुलगा. अकरावीतला. पण पेपर पुरा झाला नाही." एवढंच बोलून त्याने पुन्हा कुदळ उचलली. त्याच्या बोलण्यात माझ्याबद्दल राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच मला घरी गेल्यावर झोप आली नाही.

जूनमध्ये मी त्या मुलीला भेटायला तिच्या हॉस्टेलवर गेले. एस.वाय.बी.ए., अर्थशास्त्र, मराठी माध्यम. तिने सांगितलं ते मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. "तो मुलगा चांगला होता, मॅडम. त्याचं काही चुकलं नाही. फक्त 'घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त' म्हटलं की थांबायचा. मग मी अक्षर अक्षर फोडून सांगायचे. एक वाक्य सांगताना पुढचं डोक्यात धरून ठेवायचं असतं. तो थांबला की ते निसटायचं." अंध परीक्षार्थींना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला चार तास. तिला चारही पुरले नाहीत. वीस मार्कांचा शेवटचा प्रश्न तिला येत होता, लिहून झाला नाही.

तुझ्या दादाला पाळी बदलून न देणारी मीच, हे मी तिला सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली. "दादांनी हे नाही सांगितलं. म्हणाले, मशीनवर काम निघालं." मग म्हणाली, "आता आलाच आहात तर थोडं वाचून दाखवता का?"

मी वाचायला बसले. तिने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. छापील पुस्तक असेल तर फोन वाचून दाखवायचा, पण सरांच्या हस्तलिखित नोट्सच्या झेरॉक्स त्याला वाचता येत नव्हत्या, आणि तिचा निम्मा अभ्यास झेरॉक्सवर होता. दोन पानांनंतर मी वाचता वाचता समजावून सांगायला लागले. तिने मला थांबवलं. "मॅडम, समजावू नका. नुसतं वाचा. कंसातलंही वाचा. आणि पान संपलं की पान नंबर सांगा." वीस वर्षं मी माणसांना ट्रेनिंग देत आले होते. कुणाच्या कामाला लागायचं तर त्याला काय हवं ते आधी विचारायचं, हे मला त्या दुपारी नव्याने शिकावं लागलं.

मग आकृती आली. मागणीचा वक्र. मी शब्दांत सांगून पाहिलं, तिच्या तळहातावर बोटाने रेघ काढून पाहिलं. ती म्हणाली, पूर्वी एका बाईंनी पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून दिली होती, ती फार चांगली होती. मी घरी येऊन जाड कागदावर आकृती काढली आणि शिंपी कापडावर खुणा उठवायला वापरतात ते दातेरी चाक तिच्यावरून फिरवलं. मागच्या बाजूला ठिपक्यांची छान उठावदार रेघ आली. पुढच्या रविवारी ती नेऊन दिली. तिने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली आणि म्हणाली, "मॅडम, हा पुरवठ्याचा वक्र आहे."

मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. कागद उलटला की आरसा होतो, आणि तीच रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते. ती पारखून घेणारी होती म्हणून चूक सापडली. दुसरी कुणी असती तर माझ्या सद्भावनेतून उलटं अर्थशास्त्र शिकली असती.

सोमवारी मी टूलरूममध्ये गेले. तिथला डायमेकर तीस वर्षं साचे बनवतो आहे. त्याला मी आरशाचं सांगायला लागले तर तो म्हणाला, "साचा कायम उलटाच विचारात घ्यायचा असतो मॅडम." जेवणाच्या सुट्टीत त्याने पॅकिंगच्या प्लास्टिक शीटवर चार आकृत्या उठवून दिल्या, अक्ष जाड रेघेचे, वक्र ठिपक्यांचे, म्हणजे बोटाला दोन्ही वेगळे कळावेत. त्या आकृत्या पुढे तिच्या मागून येणाऱ्या तीन मुलांनी वापरल्या. चार वर्षांत आमच्या कंपनीने स्वयंसेवा म्हणून जे जे केलं होतं, त्यात या चार शीटइतकी उपयोगी वस्तू एकही नव्हती, असं मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

माझ्या जुन्या मतात नेमकी कुठे चूक होती, ते मला इथे दिसलं. वेळेपेक्षा पैसा जास्त उपयोगी, हे मी सगळ्याच कामांना लावत होते. रंगाऱ्याला मजुरी देऊन भिंत रंगते. मंगळवारी सकाळी दहा वाजता परीक्षेच्या बाकावर शेजारी बसणारं माणूस असं सहज मिळत नाही. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी लागतं. म्हणजे निवृत्त शिक्षक, पदवीधर गृहिणी, ज्यांच्याकडे सकाळचा वेळ असतो ते बहुतेक जण नियमात बसत नाहीत. बसतात ती खालच्या वर्गातली मुलं, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्याही परीक्षा असतात. उरतात बारावी झालेली नोकरदार माणसं. ती त्या वेळी कुठे असतात? आमच्यासारख्यांच्या गेटच्या आत. त्यांचा मंगळवार आमच्या ताब्यात असतो. तो सोडायचा की नाही, हे पर्सोनेल विभागाची एक सही ठरवते.

आणि आमचा सगळा स्वयंसेवेचा कार्यक्रम स्टाफसाठी होता. लाइन थांबू नये म्हणून कामगारांना त्यात धरलंच नव्हतं. एमबीए झालेली मी आणि इंजिनीअर झालेले आमचे मॅनेजर या कामाला नियमानेच अपात्र होतो. पात्र होते ते ज्यांना मी टोकन नंबरने ओळखत होते.

डिसेंबर 2018 मध्ये मी प्रस्ताव मांडला. लेखनिक म्हणून जाणाऱ्या कामगाराला त्या दिवसाची भरपगारी ओडी (ऑन ड्यूटी, म्हणजे कामावर हजर धरणं), वर्षाला जास्तीत जास्त आठ दिवस, कॉलेजचं हजेरीपत्र आणणं सक्तीचं. पहिला आक्षेप अपेक्षित होता: उद्या कुणीही कशासाठीही ओडी मागेल. त्याला हजेरीपत्र हे उत्तर होतं. दुसरा आक्षेप प्लॅनिंगचा, आणि तो खरा होता. पण माणूस आजारी पडतो ते आदल्या दिवशीही कळत नाही, परीक्षेचं वेळापत्रक मात्र आधी लागतं. शॉपच्या इनचार्जला तारखा हातात मिळाल्या की तो बदली लावून ठेवतो. वर्षभराच्या अनुभवानंतर प्लॅनिंगने पुन्हा तक्रार केली नाही.

तिसरा प्रश्न फायनान्सचा. या दिवसांचा पगार 2 टक्क्यांत धरता येईल का? येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जानेवारी 2016 च्या परिपत्रकाने कर्मचाऱ्यांना अशा कामात सामील करून घ्यायला उत्तेजन दिलं आहे, पण त्यांच्या सेवेचे पैसे करून ते सीएसआर खर्चात दाखवायला मनाई आहे. तेव्हा मला ही अडचण वाटली. आता वाटतं, बरं झालं. हा खर्च कुठल्याही तक्त्यात शोभून दिसत नाही, त्यामुळे तो मागताना कामाबद्दलच बोलावं लागतं. टाटांसारखे मोठे समूह कर्मचाऱ्यांचं कौशल्य सहा-सहा महिने सामाजिक संस्थांना देतात. आमचा आवाका तेवढा नाही. आठ दिवस आम्हाला झेपतात.

पहिल्या वर्षी पाच जण तयार झाले. त्यांच्या बारावीच्या मार्कलिस्ट मी अर्जाला जोडण्यासाठी मागवल्या आणि प्रथमच नीट पाहिल्या. एकाला मराठीत 84 होते. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका माणसाचं अक्षर इतकं वळणदार होतं की इन्स्पेक्शन रिपोर्ट त्याच्याकडून का लिहून घेत नाही, असं मी त्याच्या सुपरवायझरला विचारलं. परीक्षेआधी दोन रविवार सराव ठेवला. मी किंवा एखादा मॅनेजर प्रश्न वाचायचा, विद्यार्थी सांगायचे, ऑपरेटर लिहायचे. नव्यांना शिकवायचं काम त्या पहिल्या ऑपरेटरने केलं. "प्रश्न दोनदा वाचायचा. मार्क किती ते सांगायचं. ती 'नवा परिच्छेद' म्हणाली तरच नवा परिच्छेद. आणि उत्तर आपल्याला माहीत असलं तरी गप्प बसायचं. सगळ्यात अवघड तेच आहे."

2020 आणि 2021 मध्ये परीक्षा ऑनलाइन गेल्या आणि हे काम थंडावलं. मधल्या काळात, फेब्रुवारी 2021 मध्ये, लिहिताना ज्याच्या हाताला पेटके येतात अशा एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही. हक्क रुंदावला तशी गरजही वाढली. आता दृष्टी चांगली असलेल्या, पण हाताने लिहू न शकणाऱ्या मुलांचेही फोन येतात.

बाकी कार्यक्रमांत दोनच बदल केले. भिंती बंद केल्या. आणि रक्तदान शिबिर 26 जानेवारीवरून मेच्या दुसऱ्या आठवड्यात नेलं. लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. प्रजासत्ताक दिनाला सगळीकडेच शिबिरं असतात. मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला, आणि रक्तपेढ्या दात्यांची वाट बघत असतात. हा बदल मला रक्तपेढीच्या डॉक्टरांनी सुचवला होता. त्यांना विचारायला मला चार वर्षं लागली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही आणि ती मला रोज टोचते. आमच्याकडे जितके कायम कामगार आहेत, जवळजवळ तितकेच आज ठेकेदाराच्या मस्टरवर आहेत. तरुण, बारावी झालेले, कालपरवापर्यंत पेन हातात असलेले. या कामाला सगळ्यात योग्य तेच. पण ओडी त्यांना लागू नाही. ते आले नाहीत तर त्यांची त्या दिवसाची मजुरी जाते, आणि ज्याची मजुरी जाते त्याच्याकडे मी दिवस मागू शकत नाही. कंपनी समाजासाठी वेळ देते, असं मी आता मनापासून म्हणते, पण ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे गेटमधून आत येणारी ही दुसरी रांग असते.

या वर्षीचं वेळापत्रक मागच्या आठवड्यात लागलं. चौदा पेपर आहेत, माझ्या यादीत नऊ नावं. नववं नाव पॅकिंगमधल्या एका कंत्राटी मुलीचं आहे. ती स्वतः येऊन नाव देऊन गेली, सोबत मार्कलिस्ट आणि आधारची झेरॉक्सही आणली. तिच्या चार दिवसांची मजुरी ठेकेदाराच्या बिलात धरावी, अशी नोट मी फायनान्सला पाठवली आहे. नोट अजून तिथेच आहे. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन बसणार आहे. तिचा पहिला पेपर मंगळवारी आहे.